महागाई मुंबईतही होती. मग क्रांती इराणमध्येच का झाली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत कुठल्याही क्रांतीची कारणं राजकीय, सामाजिक, आर्थिक आणि तात्कालिक अशा चार मथळ्यांखाली दिलेली असतात. पण महागाई, बेकारी, भ्रष्टाचार, दडपशाही ही कारणं १९७०च्या दशकात मुंबईतही होती. टंचाई होती, मोर्चे होते, संप होते, पुढे आणीबाणीही आली. मग १९७९ साली क्रांती इराणमध्ये का झाली आणि आपल्याकडे का झाली नाही? आणि ज्यांनी ती केली त्यांच्यातल्याच अनेकांना नको असलेलं राज्य तिच्यातून का निघालं?

मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात बरीच वर्षं इतिहास शिकवतो. हा प्रश्न वर्गात निघतोच, आणि तो निघाला की मला बरं वाटतं. कारण चार मथळे पाठ केलेल्या विद्यार्थ्याला तो पडत नाही, मथळ्यांवर विश्वास न बसलेल्याला पडतो.

तुम्ही विचारलेले प्रश्न दोन दिसतात, पण माझ्या मते ते एकच आहेत. हाल सोसणारे लोक जगात सगळीकडे असतात. राज्य उलथतं ते तेव्हा, जेव्हा चिडलेल्या लोकांना सनदशीर वाट उरलेली नसते, त्यांना एकमेकांशी जोडणारं एखादं जाळं मात्र शाबूत असतं, आणि सरकारचा पैसा आणि सरकारची बंदूक दोन्ही एकदमच हातची जातात. क्रांतीनंतर सत्तेवर कोण बसणार, हे बहुतेक वेळा त्या शाबूत राहिलेल्या जाळ्यावरून ठरतं. म्हणजे कारणं आणि परिणाम या दोन वेगळ्या याद्या नव्हेत, त्यांच्यामधून एकच धागा जातो.

हे कुठंही लावावं असं सूत्र नाही, हेही सुरुवातीलाच सांगतो. १९१७च्या रशियात महायुद्धाचा वाटा इतका मोठा होता की त्याशिवाय तिथलं काहीच समजत नाही. इराणात तेल नसतं तर गोष्ट वेगळी झाली असती. राजाच्या प्रकृतीचाही भाग असतो : इराणचे शहा मोहम्मद रझा पहलवी यांना कॅन्सर असल्याचं १९७४ साली निदान झालं होतं आणि ते गुप्त ठेवलं गेलं. १९७८च्या अखेरीस त्यांनी जी चालढकल केली त्यात आजाराचा हात किती आणि स्वभावाचा किती, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. तेव्हा खाली जे सांगतोय ती विचार करायची एक पद्धत समजा.

आधी मुंबई बघू. १९७२च्या दुष्काळानंतर धान्य, साखर, गोडंतेल, रॉकेल यांची टंचाई झाली, भाव कडाडले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी बायकांनी समाजवादी-कम्युनिस्ट हा भेद बाजूला ठेवून लाटणी आणि थाळ्या घेऊन मोर्चे काढले. मंत्र्यांना घेराव घातले. मे १९७४मध्ये देशभर रेल्वे बंद पडली, सुमारे वीस दिवस. जून १९७५मध्ये आणीबाणी आली, पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. इथपर्यंतची यादी इराणच्या यादीशेजारी ठेवली तर तुमचं म्हणणं बरोबर आहे, फारसा फरक दिसत नाही.

फरक पुढं आहे. जानेवारी १९७७मध्ये निवडणूक जाहीर झाली आणि मार्चमध्ये मतदान झालं. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर दोघीही मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या. रेल्वे संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस तुरुंगात असतानाच मुझफ्फरपूरमधून निवडून आले. लाटणं हातात घेऊन रस्त्यावर आलेली बाई तीन-चार वर्षांत संसदेत बसू शकते, हे ज्या समाजाला दिसतं, तो समाज सरकार बदलतो, राज्यव्यवस्था उलथत नाही. याआधी संयुक्त महाराष्ट्राच्या वेळीही हेच झालं होतं. फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला, सगळ्या आंदोलनात मिळून शंभरावर माणसं मारली गेली, आणि १९५७च्या निवडणुकीत समितीनं त्याचा हिशेब मतपेटीतून मागितला. त्या दोन्ही वेळी रस्त्यावरच्या संतापाला वाट मिळाली.

आता त्याच १९७५ सालात इराणमध्ये काय चाललं होतं ते पाहा. मार्चमध्ये शहांनी असलेले पक्ष बरखास्त करून ‘रस्ताखीझ’ नावाचा एकच पक्ष ठेवला, आणि ज्यांना तो मान्य नाही त्यांनी तुरुंगात जावं किंवा पासपोर्ट घेऊन देश सोडावा असं जाहीर केलं. त्याआधी, १९५३मध्ये, निवडून आलेले पंतप्रधान मोसद्देग यांना अमेरिकी आणि ब्रिटिश हेरखात्यांच्या मदतीनं पाडलं गेलं होतं. १९५७मध्ये ‘सावाक’ ही गुप्त पोलीस यंत्रणा उभी राहिली. कामगार संघटना, डावे, राष्ट्रवादी, वर्तमानपत्रं सगळ्यांना तिनं पोखरून टाकलं. आपल्याकडे बंद झालेली वाट एकवीस महिन्यांत उघडली. तिथं ती पंचवीस वर्षं टप्प्याटप्प्यानं बंद होत गेली.

वाट बंद झाली म्हणून लगेच क्रांती होत नाही. अनेक देशांत ती पिढ्यानपिढ्या बंद असते. लोकांना एकमेकांपर्यंत पोहोचण्याचा एखादा मार्ग उरावा लागतो. इराणात असे दोन मार्ग उरले होते, मशीद आणि बाजार, आणि ते एकमेकांत गुंतलेले होते.

हे पुस्तकातून समजावणं मला नेहमी जड जायचं. एकदा वर्गातल्या एका मुलानं ते माझ्यापेक्षा चांगलं समजावलं. त्याच्या घरचं मंगलदास मार्केटमध्ये कापडाचं दुकान. तो म्हणाला, सर, आमच्याकडे माल उधारीवर येतो, दलाल मधे असतो, तो शब्द देतो. पैसे दिवाळीपर्यंत थांबतात. गल्लीतल्या कोणाला आजारपण आलं, मुलीचं लग्न निघालं, तर दुकानदारच वर्गणी काढतात. एका दुकानावर धाड पडली की अर्ध्या तासात अख्ख्या मार्केटला कळतं आणि शटर खाली येतात. फोन करावा लागत नाही. मी त्याला सांगितलं, तेहरानचा बाजार म्हणजे हेच, फक्त कित्येक पटींनी मोठा. आणि त्यात एक गोष्ट वाढवायची : तिथली वर्गणी मशिदीत आणि मदरशांत जाते, मौलवींचा चरितार्थ आणि विद्यार्थ्यांचं जेवणखाण त्या पैशावर चालतं. म्हणजे सरकारच्या पगारावर नसलेला एक सुशिक्षित वर्ग आणि सरकारच्या बँकेवर अवलंबून नसलेला एक पैशाचा प्रवाह, दोन्ही शहराच्या मध्यभागी.

शहांनी नेमकं याच दोघांना डिवचलं. १९७३-७४मध्ये तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला, पैसा धो-धो आला, त्याच्या मागोमाग भाववाढ आली. ती सरकारच्या खर्चामुळे आली होती, पण खापर फुटलं दुकानदारांवर. नफेखोरीविरोधी मोहीम काढून तरुण कार्यकर्त्यांच्या टोळ्या बाजारात तपासणीला सोडल्या गेल्या. हजारो दुकानदारांना दंड झाले, कित्येक तुरुंगात गेले, काहींना स्वतःच्या गावातून हद्दपार केलं गेलं. १९७६मध्ये सरकारी कॅलेंडरच बदललं : हिजरी सौर १३५५ हे साल चालू होतं, ते रद्द करून प्राचीन सम्राट सायरसपासून मोजलेलं २५३५ हे साल आलं. जमाखर्चाच्या वहीवर तारीख लिहिणाऱ्या माणसाला आणि नमाजाला जाणाऱ्या माणसाला (बहुतेकदा तो एकच माणूस होता) राजा आपल्याला काय समजतो ते रोज दिसू लागलं. १९७७ला नवे पंतप्रधान जमशीद आमुझेगार यांनी भाववाढ रोखायला सरकारी खर्चाला कात्री लावली. बांधकामं थांबली, आणि खेड्यांतून तेहरानच्या झोपड्यांत आलेली मजूर पोरं बेकार झाली.

इथं एक मुद्दा लक्षात ठेवा, तो परीक्षेतही विचारतात. लोक सगळ्यात गरीब असताना उठत नाहीत. परिस्थिती काही वर्षं सुधारत जाते, अपेक्षा वाढतात, आणि मग अचानक खाली घसरते, तेव्हा उठतात. शिवाय त्याच १९७७मध्ये अमेरिकेच्या दबावामुळे शहांनी दडपशाही थोडी सैल केली होती. लेखक आणि वकील उघड पत्रं लिहू लागले. ऑक्टोबरमध्ये तेहरानच्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या कविसंमेलनाला दहा रात्री हजारोंची गर्दी झाली. बोलण्याची मुभा मिळाली, पण त्या बोलण्याला पोहोचायला संसद नव्हती, पक्ष नव्हता. जुलमी राजवटीसाठी ही सगळ्यात अवघड वेळ असते.

वर्गात मी यापुढचा भाग तारखांनी शिकवतो. फळ्यावर लिहायला लावतो : ९ जानेवारी १९७८, कूम. कूम हे शिया मदरशांचं शहर. दोन दिवसांपूर्वी ‘इत्तलाआत’ या दैनिकात शहांचे विरोधक, देशाबाहेर काढलेले शिया धर्मगुरू आयातुल्ला खोमेनी यांची निंदा करणारा लेख आला होता. त्याविरुद्ध मदरशांचे विद्यार्थी रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, काही मेले. मग विचारतो, यात चाळीस मिळवा. उत्तर येतं, १८ फेब्रुवारी. त्या दिवशी तबरीझ पेटलं. पुन्हा चाळीस मिळवा. मार्चची अखेर, यझ्दसह अनेक शहरं. पुन्हा चाळीस, मेची सुरुवात. डोंगरीत किंवा इमामवाड्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याला लगेच कळतं की हा चेहलम आहे, मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाचा दुखवटा. बाकीच्यांना दहावं-तेरावं माहीत असतं, त्यांनाही समजतं. दुखवट्याला जमायला कोणाची परवानगी लागत नाही. सभेवर बंदी घालता येते, पण मेलेल्या पोराच्या नातेवाइकांना एकत्र येऊ नका असं कुठलं सरकार सांगणार? गोळीबारात माणसं मरत, चाळीस दिवसांनी दुसऱ्या गावात दुखवटा होई, तिथं पुन्हा गोळीबार. आंदोलनाच्या तारखा कोणी पत्रकं वाटून ठरवल्या नाहीत, धर्मानं आणि पोलिसांनी मिळून त्या ठरवल्या.

खोमेनी तेव्हा इराकमधल्या नजफला होते. त्यांची भाषणं कॅसेटवर भरून इराणात येत, बाजारात त्यांच्या नकला निघत, मशिदींत ऐकवल्या जात. शहांच्या आग्रहावरून ऑक्टोबर १९७८मध्ये इराकनं त्यांना बाहेर काढलं आणि ते पॅरिसजवळच्या नोफ्ल-ल-शातो या गावात गेले. तिथं जगभरचे पत्रकार होते आणि तेहरानला थेट लागणारे टेलिफोन होते. नजफमध्ये त्यांना गाठणं अवघड होतं, फ्रान्समध्ये ते रोज मुलाखती देऊ लागले.

मधल्या काळातल्या दोन घटनांशिवाय हे चित्र पुरं होत नाही. १९ ऑगस्ट १९७८ला आबादानच्या रेक्स सिनेमाला आग लावली गेली, दारं बंद होती, सुमारे चारशे माणसं होरपळून मेली. आग सावाकनंच लावली असं बहुसंख्य लोकांनी मानलं. पुढं मिळालेला पुरावा धार्मिक अतिरेक्यांकडे बोट दाखवतो. ८ सप्टेंबरला तेहरानच्या झाले चौकात सैन्यानं जमावावर गोळ्या झाडल्या. विरोधक हजारो मेल्याचं सांगत होते. क्रांतीनंतर झालेल्या मोजणीत आकडा शंभराच्या आत निघाला. मी हे दोन्ही मुद्दाम सांगतो. सरकारवरचा विश्वास उडालेला असला की खरं काय घडलं यापेक्षा लोकांनी काय खरं मानलं याला वजन येतं. सेन्सॉर जितका कडक, तितकी अफवा खरी वाटते. उत्तरपत्रिकेत आकडे लिहिताना मात्र सांभाळून लिहा.

आता पैसा. १९७८च्या शरद ऋतूत तेल कामगार संपावर गेले. इराण दिवसाला सुमारे साठ लाख पिंपं तेल काढत होता. वर्षअखेरीस निर्यात थांबली. ज्या सरकारचं उत्पन्न मुख्यतः तेलातून येतं, त्याच्यासाठी हा संप म्हणजे तिजोरीलाच कुलूप. या ठिकाणी मी नेहमी गिरणी संपाची आठवण करून देतो, कारण तुमच्या प्रश्नाचं मोठं उत्तर या तुलनेत आहे. १८ जानेवारी १९८२पासून मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संख्येनं तो इराणच्या तेल संपापेक्षा कितीतरी मोठा. जिद्दही कमी नव्हती. वर्षानंतरही माणसं कामावर परतत नव्हती, गावाकडे जाऊन शेती करत होती, बायका मिळेल ती कामं करून घर चालवत होत्या. पण गिरण्या थांबल्या म्हणून सरकार थांबत नव्हतं. मालकांकडे न खपलेल्या कापडाचे साठे होते आणि भिवंडीचे यंत्रमाग चालू होते. संप कितीही मोठा असो, त्यानं काय अडतं हे आधी पाहायचं. आबादानच्या रिफायनरीत काही हजार माणसांनी हात आखडले आणि राज्य अडलं. परळ-लालबागमध्ये अडीच लाख माणसं उपाशी राहिली आणि राज्य अडलं नाही. हे लिहिताना मला आजही त्रास होतो, कारण त्या संपात घरं उद्ध्वस्त झाली आणि त्याबद्दल या शहरानं पुरेसं बोललेलंच नाही. गिरणी कामगारांची वाटाघाटीची सनदशीर वाटही बंद होती हे विसरू नका : १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे होता, आणि कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडालेला होता. संप इतका चिघळला त्याचं एक मूळ तिथं आहे.

मग उरते बंदूक. त्याच १९८२च्या ऑगस्टमध्ये मुंबईत अशी गोष्ट घडली की ती आज फार थोड्यांना आठवते. पोलिसांच्या संघटनेच्या नेत्यांना अटक झाली म्हणून १८ ऑगस्टला पोलीस शिपाईच रस्त्यावर उतरले, त्यांच्यात गिरणी कामगार मिसळले, लोकल अडल्या, दुकानं फुटली. कामगार संपावर आणि पोलीस बंडात, अशी अवस्था या शहरानं पाहिली आहे. तरी ती लवकरच आवरली. केंद्राकडे सीमा सुरक्षा दल होतं, लष्कर होतं, आणि त्यांना मुंबईच्या शिपायाच्या पगाराशी किंवा गिरणीच्या बोनसशी देणंघेणं नव्हतं. एक थर हलला, खालचा थर हलला नाही.

तेहरानात शेवटचा थरही हलला. तिथलं सैन्य सुमारे चार लाखांचं, शस्त्रांनी सज्ज, पण शिपाई बहुतेक सक्तीच्या भरतीतले, त्याच खेड्यांतले आणि त्याच मोहल्ल्यांतले. महिनोन्‌महिने त्यांना स्वतःच्या लोकांसमोर उभं केलं गेलं. मुली त्यांच्या बंदुकीच्या नळीत फुलं खोचत होत्या. पळून जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली. डिसेंबर १९७८मध्ये मोहरमच्या नवव्या-दहाव्या दिवशी देशभर लाखो लोक रस्त्यावर आले. १६ जानेवारी १९७९ला शहा देश सोडून गेले, १ फेब्रुवारीला खोमेनी परतले. आणि ९ फेब्रुवारीला हवाई दलाच्या तंत्रज्ञांनी, त्यांना तिथं ‘होमाफर’ म्हणत, बंड केलं. त्यांनी शस्त्रागारं लोकांसाठी खुली केली. ११ फेब्रुवारीला सेनापतींनी सैन्य तटस्थ असल्याचं जाहीर केलं आणि राजवट संपली.

होमाफर हे नाव लक्षात ठेवा आणि त्याच्याशेजारी मुंबईची ‘तलवार’ ठेवा. १८ फेब्रुवारी १९४६ला कुलाब्याच्या ‘तलवार’ या नाविक सिग्नल केंद्रावर खलाशांनी संप केला. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ ही कारणं पुढं होती. काही दिवसांत ७८ जहाजं आणि सुमारे वीस हजार खलाशी त्यात सामील झाले. २२ तारखेला गिरणगाव बंद झालं, रस्त्यांवर गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मारले गेले. दोन्हीकडे बंड करणारे शिकलेले, यंत्रं हाताळणारे, आणि अधिकारी होण्याची आशा नसलेले कनिष्ठ लोक होते. पण मुंबईत हे बंड २३ तारखेला शरण गेलं. का? १९ फेब्रुवारीलाच लंडनमध्ये कॅबिनेट मिशनची घोषणा झाली होती (ती बंडामुळे नव्हे, निर्णय आधीच झाला होता), आणि काँग्रेस व लीग या दोन्ही मोठ्या पक्षांना सत्ता वाटाघाटीतून येताना दिसत होती. त्यांनी खलाशांना शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं. बंडामागे उभं राहील असं देशव्यापी जाळं त्या पक्षांकडेच होतं, आणि त्यांना दुसरी वाट मोकळी होती. इंग्रजांना मात्र या आठवड्यानं एक गोष्ट पक्की कळवली : इथून पुढं हिंदी शिपायांच्या भरवशावर हा देश ताब्यात ठेवता येणार नाही.

एवढ्यावरून पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं होतं : मुंबईत असंतोष होता, जाळी होती, संप होते, एकदा तर बंदूकही डळमळली, पण या सगळ्या गोष्टी एकाच वेळी एकत्र आल्या नाहीत, आणि निवडणूक किंवा वाटाघाट ही वाट प्रत्येक निर्णायक वेळी थोडी तरी उघडी राहिली. इराणात ती नव्हती.

आता दुसरा प्रश्न. फेब्रुवारी १९७९मध्ये शहांविरुद्ध लढलेले कोण कोण होते? उदारमतवादी वकील, मोसद्देगना मानणारे राष्ट्रवादी, तुदेह हा कम्युनिस्ट पक्ष, फिदाईन आणि मुजाहिदीन हे सशस्त्र गट, कुर्द, विद्यार्थी, तेल कामगार, नोकरी करणाऱ्या बायका. यांतले बरेच जण खोमेनींकडे आंदोलनाचं प्रतीक म्हणून पाहत होते. राजा गेला की ते कूमला जाऊन अध्यापन करतील आणि राज्यकारभार आपण करू, असा त्यांचा अंदाज होता.

पण मोहल्ल्यात कोण होतं ते पाहा. त्या हिवाळ्यात तेलाच्या संपामुळे रॉकेल मिळेनासं झालं, तेव्हा मशिदींच्या समित्यांनी रॉकेल आणि धान्य गोळा करून घरोघर वाटलं. जखमींना दवाखान्यात नेलं, रात्रीचे पहारे बसवले. राजवट कोसळली त्या दिवशी पोलीस चौक्या रिकाम्या झाल्या आणि याच समित्या, आता शस्त्रागारांतल्या बंदुका घेऊन, ‘कोमिते’ म्हणून कायदा-सुव्यवस्था पाहू लागल्या. खोमेनींनी नेमलेले हंगामी पंतप्रधान मेहदी बाझरगान यांच्याकडे मंत्रालयं होती. रस्ता त्यांच्याकडे नव्हता. शहांनी पक्ष मोडले, संघटना मोडल्या, वर्तमानपत्रं मोडली. मशिदी मात्र त्यांना बंद करता आल्या नाहीत. त्यामुळे त्यांच्यानंतर कोण येणार हे काही अंशी त्यांच्याच दडपशाहीनं ठरवून ठेवलं. मला इराणच्या क्रांतीतली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते, आणि पुस्तकांत ती सहसा एका वाक्यात उरकलेली असते.

पुढच्या घटना मग भराभर घडल्या. मार्चच्या अखेरीस सार्वमत झालं, प्रश्न एवढाच होता की इस्लामी प्रजासत्ताक हवं की नको; अठ्ठ्याण्णव टक्के हो म्हणाले. त्याआधी ८ मार्चला हजारो बायका तेहरानमध्ये हिजाबच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आल्या होत्या. त्यांतल्या अनेकींनी दोनच महिन्यांपूर्वी शहांविरुद्ध घोषणा दिल्या होत्या. सरकार तेवढ्यापुरतं मागं हटलं, पण पुरुष सहकारी, डावेसुद्धा, ‘आत्ता ही वेळ नाही’ म्हणून त्यांच्यामागे उभे राहिले नाहीत. सरकारी कचेऱ्यांत सक्ती आली, १९८३मध्ये कायद्यानं सगळीकडे आली. ४ नोव्हेंबर १९७९ला विद्यार्थ्यांनी अमेरिकी वकिलात ताब्यात घेतली, बाझरगान यांनी राजीनामा दिला. सप्टेंबर १९८०मध्ये इराकनं हल्ला केला आणि आठ वर्षांचं युद्ध सुरू झालं. युद्धात नव्या राजवटीला विरोध करणं म्हणजे देशद्रोह ठरलं. पहिले निवडून आलेले अध्यक्ष बनीसद्र यांना १९८१ला पदावरून हटवलं गेलं, मुजाहिदीन चिरडले गेले, १९८३मध्ये तुदेहची पाळी आली, १९८८मध्ये हजारो राजकीय कैद्यांना तुरुंगातच फाशी दिलं गेलं.

याची दुसरी बाजूही उत्तरात यायला हवी, नाहीतर ते प्रचारपत्रक होईल. राजवटीनं खेड्यांत रस्ते, वीज, पाणी नेलं. मुलींची साक्षरता झपाट्यानं वाढली, आणि शतक संपता संपता विद्यापीठांत मुलांपेक्षा मुली जास्त दिसू लागल्या. १९८०च्या दशकात एका बाईला सरासरी सहाहून अधिक मुलं होत. २०००च्या सुमारास ती दोनवर आली. म्हणजे ज्या राजवटीनं बायकांचे कायदेशीर हक्क काढून घेतले, तिच्याच काळात शिकलेल्या बायकांची एक पिढी तयार झाली, आणि पुढे तीच रस्त्यावर आली. परिणाम एकाच दिशेनं जात नाहीत, आणि पहिल्या पाच वर्षांचे परिणाम हेच अंतिम समजायचे नसतात.

मुंबईपुरतं बोलायचं तर १९७९मध्ये तेलाचा भाव पिंपामागे सुमारे तेरा डॉलरवरून वर्ष-दीड वर्षात तीसच्या पुढं गेला. इथं रॉकेलच्या रांगा लांबल्या, देशाची परकीय गंगाजळी आटली, १९८१मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून मोठं कर्ज घ्यावं लागलं, आणि मुंबई हायमधलं उत्पादन वाढवण्याची घाई झाली. तेहरानच्या क्रांतीचे परिणाम लिहिताना हे शेवटच्या परिच्छेदात जरूर घाला.

परीक्षेसाठी चार मथळे टाळता येणार नाहीत हे मला माहीत आहे. मथळे ठेवा, पण प्रत्येक मथळ्याखाली एक ओळ अशी लिहा की हे कारण इतर देशांतही होतं, मग इथंच ते का पेटलं. आणि परिणामांची सुरुवात ‘राजेशाही संपली’ इथून न करता, राजवट कोसळली त्या आठवड्यात मोहल्ल्यात कोणाची माणसं होती, तिथून करा.

सरावाला श्रीलंका घ्या. एप्रिल २०२२मध्ये देशानं परकीय कर्जफेड थांबवली, ९ जुलैला लोक अध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले, १३ जुलैला गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले, आणि २० जुलैला संसदेनं रनिल विक्रमसिंघे यांना अध्यक्ष निवडलं. सप्टेंबर २०२४मध्ये अनुरा कुमार दिसानायके अध्यक्ष झाले. २२५ जणांच्या संसदेत त्यांच्या आघाडीचे आधी फक्त तीन सदस्य होते, नोव्हेंबरच्या निवडणुकीत १५९ झाले. या तारखा एका कागदावर उभ्या लिहा, शेजारी इराणच्या लिहा, आणि प्रत्येक तारखेपुढं तीन गोष्टी भरा : लोकांना त्या दिवशी कोणती सनदशीर वाट उघडी होती, त्यांना जोडणारं जाळं कोणतं होतं, आणि सैनिक कोणाचं ऐकत होते. कागद भरून झाला की इकडे टाका, मी पाहून देईन.